गळ्यातली गाठ आणि लाळेतला विषाणू

आपल्याकडे तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तंबाखू खायचे का? प्रश्न रास्त आहे. भारतात डोक्या-मानेच्या भागातले बहुतेक कॅन्सर तोंडाच्या आणि घशाच्या अस्तरातून उगवतात आणि त्यांच्यामागे तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी, दारू यांपैकी काहीतरी असतं. पण याच भागात, त्याच टॉन्सिलवर, त्याच हिरडीत, त्याच टाळूवर एक निराळा आजारही येतो. तो अस्तरातून उगवत नाही. अस्तराखाली रोगजंतूंवर नजर ठेवून असणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी बिघडतात आणि त्यांचीच गाठ होते. त्या गाठीला लिम्फोमा म्हणतात. तो शाळकरी मुलाला होतो, सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेल्या आजीला होतो. त्याच्या काही प्रकारांत गाठीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक विषाणू सापडतो, आणि तोच विषाणू ही प्रस्तावना वाचणाऱ्या बहुतेकांच्या अंगात या घडीला आहे.

या वाक्याने दचकायचं कारण नाही. मात्र पुढच्या पानांतला सगळा गुंता त्यातच आहे. विषाणू घरोघरी, आणि लिम्फोमा लाखांत काही जणांना. मग विषाणूच्या माथी दोष मारायचा तो किती? ‘अमुक विषाणूमुळे तमुक कॅन्सर होतो’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभतं, पण माझ्या मते ते अर्धवट आहे. ते पुरं करायला दर वेळी विषाणूचा साथीदार शोधावा लागतो. कुठे तो हिवताप असतो, कुठे एचआयव्ही, कुठे किडनी बदलल्यावर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्या, कुठे नुसतं उतरतं वय. या विषयाचा इतिहास म्हणजे या साथीदारांच्या शोधाचा इतिहास आहे, आणि त्यातला सर्वांत रंजक भाग युगांडात घडला.

१९५७ साली कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन काम करत होते. त्यांचे सहकारी ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना वॉर्डातला पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. चेहरा दोन्हीकडून सुजलेला, दात हलायला लागलेले. वरचा जबडा, खालचा जबडा, डावी बाजू, उजवी बाजू, अशा चारही ठिकाणी गाठी. पू झाला म्हणावं तर तो चार कोपऱ्यांत एकदम होत नाही, आणि कॅन्सर म्हणावा तर तोही सहसा एका जागी सुरू होतो. बर्किटांना काही उलगडा झाला नाही. काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या रुग्णालयात गेले असताना तसाच चेहरा पुन्हा दिसला. मूल दुसरं, गाठी त्याच. या मुलाच्या पोटातही गाठी होत्या. तेव्हा ते जुन्या नोंदी उपसायला बसले.

नोंदींत अशी मुलं पुष्कळ होती, फक्त ती वेगवेगळ्या कप्प्यांत पडली होती. डोळ्यापाशी गाठ असली तर डोळ्याचा कॅन्सर, किडनीत असली तर किडनीचा, जबड्यात असली तर जबड्याचा. ज्या अवयवात गाठ, त्या अवयवाचं नाव. खुद्द कंपालाच्याच मेंगो मिशन रुग्णालयात अल्बर्ट कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा जबड्यांची टिपणं करून ठेवली होती. म्हणजे आजार नवा नव्हता. हे सगळे एकाच आजाराचे चेहरे आहेत हे म्हणणारं कोणी नव्हतं. बर्किटांनी ते १९५८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये म्हटलं. त्या निबंधाकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. गाठ लिम्फोसाइटची आहे, म्हणजे लिम्फोमा आहे, हे पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी त्यानंतर पक्कं केलं.

बर्किटांचा पुढचा प्रश्न सर्जनच्या सवयीबाहेरचा होता. आजार कसा कापायचा हे सोडून तो कुठे कुठे आढळतो हे ते विचारू लागले. त्यांनी रोग्यांचे फोटो छापलेली पत्रकं आफ्रिकेतल्या सरकारी आणि मिशन दवाखान्यांना पाठवली आणि ‘असं मूल पाहिलंय का?’ एवढंच विचारलं. उत्तरं नकाशावर मांडली तेव्हा खंडाच्या मध्यातून जाणारा पट्टा उमटला. त्या पट्ट्याची दक्षिणेकडची कड प्रत्यक्ष पाहण्यासाठी १९६१ साली ते टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन या दोन डॉक्टर मित्रांना घेऊन जुन्या फोर्ड गाडीतून निघाले आणि सुमारे १०,००० मैल हिंडले. रुग्णालयामागून रुग्णालय, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न.

या भटकंतीतून निघालेली गोष्ट अशी: विषुववृत्ताजवळ सुमारे ५,००० फुटांच्या वर हा आजार नाही, आणि दक्षिणेकडे सरकावं तशी ही मर्यादा खाली येते. म्हणजे उंची हे निमित्त, खरा मुद्दा तापमानाचा. जिथे थंडीत पारा साधारण १६ अंश सेल्सियसच्या खाली जातो तिथे आजार नाही. जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही तिथेही नाही. ऊब आणि ओल या दोन अटी ऐकल्या की उष्ण देशातल्या माणसाला जे सुचेल तेच एंटेब्बेच्या विषाणू संशोधन संस्थेतल्या अलेक्झांडर हॅडो यांना सुचलं होतं: डास. डासाने नेलेला एखादा विषाणू मुलांना कॅन्सर देत असावा, असा तर्क धरला गेला. हा तर्क निम्मा चुकला आणि निम्मा बरोबर निघाला, आणि दोन्ही निम्मे सारखेच कामी आले. डास खराच गुंतलेला होता, पण त्याच्या सोंडेत तो विषाणू नव्हता, हिवताप होता.

२२ मार्च १९६१ रोजी बर्किटांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात या आजारावर व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. कोंबड्यांना कॅन्सर देणाऱ्या विषाणूवर ते काम करत होते, त्यामुळे पावसा-पाण्याशी जुळणारा कॅन्सर ऐकताच त्यांचे कान टवकारले. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. तुकड्यामागून तुकडे आले आणि त्यांत काहीही सापडलं नाही. ५ डिसेंबर १९६३ ला लंडनवर दाट धुकं होतं म्हणून विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं आणि तुकडा उशिरा पोचला. बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. नमुना सडला, असं समजून दुसऱ्या कुणीही ती बाटली मोरीत ओतली असती. एप्स्टाइननी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. प्रवासात हेंदकाळून गाठीतून सुट्या झालेल्या जिवंत पेशी पाण्यात तरंगत होत्या. मानवी लिम्फोसाइट प्रयोगशाळेत टिकवून वाढवणं तोवर कुणाला साधलं नव्हतं. या सुट्या पेशी वाढल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांपैकी एका पेशीत विषाणू दिसला. पुढे एप्स्टाइननी सांगितलं आहे की नमुना किरणांनी जळून जाईल या धास्तीने त्यांनी यंत्र बंद केलं आणि बाहेर बर्फात एक फेरी मारून आल्यावरच पुन्हा डोळा लावला. विषाणू नागिणीच्या विषाणूच्या कुळातला, हर्पिस घराण्यातला होता, पण त्या घराण्यात आजवर न पाहिलेला. मार्च १९६४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये एप्स्टाइन, मूळचे त्रिनिदादचे बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार या तिघांच्या नावाने ही बातमी आली. विषाणूला एप्स्टाइन-बार हे नाव मिळालं, अचाँग मागे पडले. आपण त्याला ईबीव्ही म्हणू.

आरोपी सापडला असं वाटलं, आणि तिथेच घोळ झाला. फिलाडेल्फियात व्हर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याने या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात शोधायची चाचणी बसवली. आफ्रिकेतल्या आजारी मुलांच्या रक्तात ती होती. शेजारच्या निरोगी मुलांच्याही रक्तात होती. ज्या अमेरिकनांनी आफ्रिका नकाशातच पाहिली त्यांच्यापैकीही बहुतेकांच्या रक्तात होती. १९६७ साली हेन्लेंच्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ ताप, घसादुखी आणि मानेतल्या गाठींनी आजारी पडली. आधी तिच्या रक्तात ही प्रतिपिंडं नव्हती, आजारपणानंतर आली. पाश्चात्य देशांत कॉलेजच्या वयात होणाऱ्या ‘ग्रंथिज्वरा’चं कारण असं अचानक हाती लागलं. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना या विषाणूचा संसर्ग झालेला असतो. आपल्याकडे तो बहुतेकांना अगदी लहानपणीच, लाळेतून, आईच्या-आजीच्या मुक्यातून, एकमेकांच्या पेल्यातून मिळतो आणि साध्या सर्दी-तापापलीकडे काही न करता मुरतो.

मग तो कॅन्सरचं कारण की केवळ बघ्या? हे ठरवायला आजार होण्याच्या आधीचं रक्त हवं होतं. गी द ते या फ्रेंच संशोधकाने ते मिळवलं. युगांडाच्या वेस्ट नाइल जिल्ह्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ४२,००० मुलांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं आणि वाट पाहिली. त्यातल्या ज्या मोजक्या मुलांना पुढे बर्किट लिम्फोमा झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत ईबीव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी इतर मुलांपेक्षा ठळकपणे चढी होती, तीही गाठ दिसण्याच्या कितीतरी महिने आधी. १९७८ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ईबीव्हीला मानवी कॅन्सरच्या निश्चित कारणांच्या पहिल्या गटात घातलं.

हिवतापाचं काम वेगळं. फाल्सिपेरम हिवताप जिथे बारमाही असतो तिथे लहान मुलाचं प्रतिकारयंत्र सतत राबत राहतं. ग्रंथींत बी-लिम्फोसाइट पेशी भराभर दुणावतात, आणि चांगली प्रतिपिंडं घडवण्यासाठी त्या आपल्याच डीएनएला मुद्दाम काप देतात. हा काप कधी भलतीकडे बसतो. आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा चौदाव्याला जाऊन चिकटतो, आणि पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारं ‘मिक’ नावाचं जनुक प्रतिपिंडांच्या अहोरात्र चालू असलेल्या जनुकाशेजारी येऊन पडतं. मग ते बंदच होत नाही. अशी पेशी एरवी स्वतःहून मरते. ईबीव्ही तिला मरू देत नाही. शिवाय वारंवारच्या हिवतापाने विषाणूवर वचक ठेवणाऱ्या टी-पेशीही ढिल्या पडतात. डोंगराळ, थंड भागातून खाली मलेरियाच्या मुलखात उतरलेल्या कुटुंबांत हा आजार स्थानिकांपेक्षा मोठ्या वयात दिसतो, हे बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच टिपलं होतं. हिवतापाशी पहिली गाठ जेवढी उशिरा, तेवढा हा धोकाही पुढच्या वयात. मला तर या सगळ्या प्रकरणात गुणसूत्रांपेक्षाही हा साधा निरीक्षणाचा पुरावा जास्त पटतो.

आणि उपचार? ही माणसाच्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या गाठींपैकी एक. एक-दोन दिवसांत दुप्पट होते. त्याचमुळे औषधालाही ती तितक्याच झपाट्याने दाद देते. बर्किटांनी रेडिओथेरपीची सोय नसलेल्या मुलागोत मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड अशी औषधं मोजक्या मात्रांत वापरून पाहिली आणि काही मुलांचे सुजलेले जबडे थोड्या दिवसांत ओसरलेले पाहिले. १९६७ साली तिथेच युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि लिम्फोमाच्या किमोथेरपीतले कितीतरी सुरुवातीचे धडे श्रीमंत देशांनी तिथून घेतले. भारतात बर्किट लिम्फोमा दिसतो तो विरळा, आणि बहुतांशी पोटात. आफ्रिकेतला जबड्याचा बर्किट ईबीव्हीशिवाय जवळजवळ आढळत नाही. इतरत्र दिसणाऱ्या तुरळक बर्किटमध्ये मात्र विषाणू पुष्कळदा नसतोच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखे. म्हणजे एकाच गावाला पोचणारे दोन रस्ते आहेत, आणि विषाणू त्यातल्या एकावरच भेटतो.

डोकं आणि मान हाच भाग का, हा प्रश्न वाचकाला इथवर पडला असेल. नाकाच्या मागे, घशाच्या दोन्ही बाजूंना आणि जिभेच्या मुळाशी लिम्फ ऊतीचं एक कडं असतं. वाल्डायर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड त्याचेच भाग. लाळेतून आलेला ईबीव्ही पहिल्यांदा गाठतो तो हेच कडं, आणि इथल्या बी-पेशींत शिरतो. शिरल्यावर तो पेशीला फसवतो. ‘समोर शत्रू आहे, कामाला लाग’ असे जे इशारे पेशीला एरवी बाहेरून मिळतात, त्यांची हुबेहूब नक्कल तो आपल्या प्रथिनांनी आतून करतो. पेशी जागी होते, दुणावते, आणि अखेरीस दीर्घकाळ जगणारी स्मृतिपेशी होऊन रक्तात फिरू लागते. तिथे विषाणू आपली जवळजवळ सगळी जनुकं बंद करून बसतो. दहा लाख बी-पेशींत एक ते पन्नास पेशींत, इतकाच. मुंबईतल्या पागडीच्या जुन्या भाडेकरूसारखा तो एकदा आत आला की जन्मभर हलत नाही, आणि मालकाचं लक्ष शाबूत असेपर्यंत उपद्रवही देत नाही. अधूनमधून टॉन्सिलमध्ये परत येतो, थोडा वाढतो, लाळेत उतरतो, दुसऱ्याकडे जातो. त्याच्या या फेरीतल्या प्रत्येक टप्प्यावर थांबलेली, वाट चुकलेली पेशी म्हणजे लिम्फोमाचा एकेक प्रकार, असा एक विचार संशोधकांत आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे.

या ‘लक्षा’चं महत्त्व किती, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अवयव-प्रत्यारोपणाने दिला. नवं यकृत किंवा नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. अशा रुग्णांपैकी काहींना ईबीव्हीने भरलेल्या गाठी होऊ लागल्या. लहान मुलांत त्या पुष्कळदा टॉन्सिल फुगण्याने सुरू होतात. १९८४ साली थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की औषधांची मात्रा उतरवली की यातल्या काही गाठी आपोआप विरतात. कॅन्सरसारखी दिसणारी गाठ, आणि तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे एक औषध कमी करणं! असाच एक सौम्य आजार २०१० साली वेगळा ओळखला गेला. म्हातारपणी, किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत, तोंडात किंवा टॉन्सिलवर न भरून येणारी एकच जखम होते. तुकडा तपासला तर लिम्फोमाच वाटावा. त्यात ईबीव्ही असतो, आणि पुष्कळदा औषध थांबवल्यावर ती भरून येते. हे ठाऊक नसलेला पॅथॉलॉजिस्ट आणि हे ठाऊक नसलेला कॅन्सरतज्ज्ञ एकत्र आले तर रुग्णाला नको ती किमो मिळू शकते.

एचआयव्हीची कथा यापेक्षा कठोर आहे. एचआयव्ही सहसा स्वतः गाठीच्या पेशीत नसतो. तो टी-पेशी मारतो आणि ईबीव्हीवरचा वचक उठवतो. १९९७ साली जर्मनीतून एका नव्या लिम्फोमाचं वर्णन आलं. सगळे रुग्ण तोंडातल्या गाठीचे, जवळजवळ सगळे एचआयव्हीबाधित. प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा हे त्याचं नाव. हिरडीवर किंवा टाळूवर मांसल गाठ वाढते, दात हलतो, आणि रुग्ण साहजिकच आधी दाताच्या डॉक्टरकडे जातो. महाराष्ट्रात एचआयव्हीचा भार मोठा होता. भारतात एचआयव्हीवरची मोफत एआरटी औषधं २००४ साली सुरू झाली. एआरटी वेळेवर आणि नेमाने घेणाऱ्यांत एचआयव्हीमुळे होणारे लिम्फोमा कमी होतात. पण आजही एखाद्याच्या एचआयव्हीचा पत्ता हिरडीवरच्या अशा गाठीच्या तुकड्यावरून लागतो. म्हणून दंतवैद्यांनी या पुस्तकाचं ते प्रकरण टाळू नये. दात उपटूनही जी सूज बसत नाही, तिचा तुकडा पाठवावा.

नाकाचा लिम्फोमा मात्र या सगळ्यांपेक्षा निराळा, कारण तो बी-पेशींचा नाही. नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके-पेशी, किंवा टी-पेशींचा आहे, आणि त्यात ईबीव्ही जवळजवळ नेहमीच असतो. चीन, जपान, कोरिया आणि पेरू-मेक्सिकोतल्या मूलनिवासी वंशाच्या लोकांत तो जास्त दिसतो. चेहऱ्याचा मध्यभाग पोखरत जाणारा हा आजार १८९७ साली स्कॉटलंडमधल्या मॅकब्राइड यांनी नोंदवला, पण तो कॅन्सर आहे हे कळायलाच दशकं गेली. पेशी रक्तवाहिन्यांच्या भोवती जमतात, त्यांच्या भिंतींत घुसतात, भोवतालचं मांस मरतं, काळी खपली धरते, टाळूला भोक पडतं. तुकडा काढावा तर मेलेलंच मांस हाती येतं आणि अहवालात ‘दाह, मृत ऊती’ एवढंच. तीन-तीनदा तुकडा काढूनही निदान लागत नाही असे रुग्ण आपल्याकडेही आहेत. १९९० साली जपानमधल्या हाराबुची आणि सहकाऱ्यांनी या गाठीत ईबीव्ही दाखवला, तेव्हापासून वाट सोपी झाली. विषाणूच्या आरएनएला रंग देणारी ‘ईबर’ नावाची तपासणी लावली की मृत ऊतीत चिवटपणे उरलेल्या मोजक्या पेशीही उठून दिसतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातल्या काळ्या खपल्या आणि गळालेले टाळू इतके पाहिले की आता तसं काही दिसलं की पहिली आठवण बुरशीची येते. यावी. पण बुरशी सापडत नसेल आणि मधुमेहही नसेल, तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून ‘ईबर’ लावायला सांगावं. या आजारात नेहमीची लिम्फोमाची किमो चालत नाही, कारण या पेशी ती औषधं बाहेर फेकून देतात. रेडिओथेरपी आणि ॲस्परजिनेज असलेली औषधयोजना लागते. म्हणजे नाव चुकलं तर औषधही चुकतं. रक्तातल्या ईबीव्हीच्या डीएनएची पातळी मोजून उपचार लागू पडतोय का हेही पाहता येतं.

दक्षिण जपानमध्ये आईच्या दुधातून जाणारा एचटीएलव्ही-१ विषाणू आणि त्याचा टी-पेशींचा लिम्फोमा, हिपॅटायटिस-सी आणि लाळग्रंथीतले संथ लिम्फोमा, यांना इथे थोडक्यातच जागा दिली आहे. पहिला आपल्या भागात विरळ आहे आणि दुसऱ्याचा डोक्या-मानेशी संबंध बेताचा. आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. टॉन्सिलवर सर्वांत जास्त दिसणारा जो मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा, त्यातल्या बहुतेक गाठींत कुठलाच विषाणू सापडत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूने होणारा टॉन्सिलचा कॅन्सर हा अस्तराचा आहे, लिम्फोमा नव्हे. वर्तमानपत्रांत या दोहोंची सर्रास सरमिसळ होते.

आता हॉजकिन लिम्फोमा, जो मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा आहे. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली त्याचं वर्णन केलं. मानेत, बहुधा एका बाजूला, न दुखणारी रबरासारखी गाठ, सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजनात घट. हे वर्णन वाचून आपल्याकडच्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या तोंडी एकच शब्द येईल: टीबी. त्यात गैर काही नाही. भारतात मानेत टिकून राहणाऱ्या गाठीमागे टीबी फार मोठ्या प्रमाणात असतो. गंडमाळ आपल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. खुद्द कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ साली व्हिएन्नात या आजारातल्या त्या प्रसिद्ध दोन डोळ्यांच्या राक्षसी पेशींचं वर्णन केलं तेव्हा त्यांनाही हा टीबीचाच एक विचित्र प्रकार वाटला होता. १९०२ साली बाल्टिमोरमध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टर बाईंनी हे दोन आजार वेगळे असल्याचं दाखवलं. आज त्या पेशीला दोघांची नावं आहेत, रीडबाईंचं आधी. १९८९ साली या पेशींतच ईबीव्हीचा डीएनए दाखवला गेला. पाश्चात्य देशांत साधारण एक-तृतीयांश हॉजकिन रुग्णांत हा विषाणू गाठीत असतो. भारतात हे प्रमाण बरंच जास्त, आणि लहान मुलांत तर बहुसंख्य. लहान वयात झालेला संसर्ग हे त्याचं एक कारण मानलं जातं.

हा विषाणू गाठीत आहे म्हणून रुग्णापासून घरच्यांना कॅन्सर लागत नाही. घरच्यांना तो विषाणू आधीच असतो. ताट वेगळं करणं, नातवंडांना दूर ठेवणं, ठरलेलं लग्न मोडणं, या सगळ्या गोष्टी आपल्याकडे घडतात आणि त्यांना कवडीचाही वैद्यकीय आधार नाही. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही दुसरी समजूत. तिच्यामुळे गाठीला हात न लावता सहा-सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात. काही वेळा सोबत स्टिरॉइडही दिलं जातं, आणि ते सर्वांत वाईट. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ बसते, ताप जातो, भूक लागते, सगळ्यांना वाटतं की टीबीला गुण येतोय. पुढे गाठ परत येते तेव्हा तुकड्यातही चित्र धूसर झालेलं असतं. हॉजकिन हा वेळेवर धरला तर बहुसंख्य रुग्णांत पूर्ण बरा होणारा कॅन्सर आहे, म्हणून ही दिरंगाई अधिक टोचते.

सुईने पाणी ओढून केलेली तपासणी टीबीसाठी पुष्कळदा पुरते, लिम्फोमासाठी सहसा पुरत नाही. पेशींची नुसती ओळख नव्हे तर त्यांची मांडणी पाहावी लागते. तेव्हा शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढावी, तीही हाताला सर्वांत सोपी लागणारी नव्हे तर सर्वांत मोठी आणि संशयास्पद. आणि एकाच गाठीत टीबी आणि लिम्फोमा दोन्ही नांदू शकतात, म्हणून ती दोन बाटल्यांत जावी: एक भाग फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, अर्जावर वय, ताप, एचआयव्हीचा अहवाल आणि चालू औषधं लिहून, आणि दुसरा भाग फॉर्मलिनशिवाय, नुसत्या सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चरसाठी.